शिवेवरचं पालथं ताट

आत्या, काल तुझ्या शोकसभेला माईक होता. लग्नाकार्यात लावतात तोच, मधेच शिट्टी मारणारा. मारुतीच्या पारासमोर सतरंज्या टाकल्या होत्या, पाण्याचे जार आणले होते, आणि खुर्चीवर तुझा फोटो. आधार कार्डावरचाच मोठा करून आणलेला. त्यात तू फोटोवाल्यावर वैतागल्यासारखी दिसतेस. मला तो आवडला, कारण कालच्या सगळ्या गर्दीत खरा चेहरा तेवढा एकच होता.

पहिला हार कुणी घातला सांगू? सरपंचानं. लॉकडाऊनच्या त्या चैत्रात तुला भर रस्त्यात अडवून, त्या ऊसतोड्यांकडं पुन्हा गेलीस तर तुलाही गावात घेणार नाही, असं सांगणारा हाच. काल त्यानं डोळ्यांना रुमाल लावला. गयाआत्या गावाची माय होती म्हणाला. रोगराईच्या दिवसांत तिनं शिवेवरच्या देवीची सेवा केली आणि त्या पुण्याईनं गाव वाचलं, असंही म्हणाला. मी पदर तोंडात कोंबला. शेजारच्या बाया कुजबुजल्या की नंदाला हुंदका आवरेना. तो हुंदका नव्हता, आणि ते तुझ्याशिवाय तिथं फार तर एक-दोघांना कळलं असतं.

तुझा जन्म, तुझं लग्न, आतोबांचं जाणं, सगळं त्यानं कागदावरून वाचलं. निम्मं चुकीचं होतं. ते मी इथं दुरुस्त करत बसत नाही. मला तुझ्याशी त्या चैत्राबद्दल बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि तू मधेच उठून गेलीस.

मी शिकवते ती पिंगळीची शाळा बंद झाली तशी मी दोन साड्या पिशवीत टाकून पाडव्यासाठी तुझ्याकडं आले आणि अडकले. रेल्वे बंद, एसटी बंद. गाव तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. थाळ्या वाजवायच्या त्या संध्याकाळी लोकांनी आपापल्या दारात उभं राहायचं होतं. आपल्या गावानं मिरवणूक काढली. पुढं हलगी, मागं ताटं-पराती बडवणारी माणसं, पोरांनी मनसोक्त नाचून घेतलं. गर्दीतून पसरणाऱ्या रोगाला गर्दी करून हाकलून दिलं आणि सगळे घामाघूम होऊन पारावर मांडीला मांडी लावून बसले. दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी बाभळीच्या काट्या तोडून रस्त्यावर रचल्या. राखणीला पोरं बसली. तोंडाला रुमाल आणि हातात पत्ते. तंबाखूची एकच पुडी सगळ्यांत फिरायची. बाहेरचं कुणी दिसलं की काठ्या घेऊन उठायचे, अडवतानाचा फोटो काढायचे आणि पुन्हा डावाला बसायचे.

सखाराम अण्णा आठवतात ना, सरपंचाचे वडील, गावातलं सगळ्यात जुनं माणूस? त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज यायचा आणि मग सरकारी सूचना. अण्णा फोन हातभर लांब धरायचे, तोंडाला उपरणं लावायचे आणि तो खोकला संपेपर्यंत श्वास धरून थांबायचे. तू त्यांना विचारलंस, "अण्णा, फोनातून थुकी उडायलीय काय?" अण्णांनी तुझ्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं.

आणि तो वालूरकडून फळं घेऊन येणारा बागवानचाचा. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्याची खरबुजं खाऊन मोठी झाली. कुणाच्या तरी मोबाईलवर कुठल्या तरी गावच्या फळवाल्याचा व्हिडिओ आला आणि याला काट्यांपासूनच परत पाठवलं. तू शेतातून वळसा घालून त्याला गाठलंस आणि खरबुजं घेतलीस. तो गाडीला टेकून उभा होता. म्हणाला, "आत्या, ये लोगां मेरेकू पैचानते नई क्या?" घरी येऊन ते खरबूज चिरलंस, पण खाल्लं नाहीस.

तू नेहमी म्हणायचीस, भ्यालेल्या माणसाला काय बोलावं. इथंच माझं तुझं जुळत नाही. भीती मलाही समजते. मीही भ्याले होते, साबणानं हात धुऊन धुऊन कातडं सोलवटलं होतं. पण भ्यालेला माणूस घरात बसतो. ही माणसं घरात बसली नव्हती. त्यांना कधी नव्हे तो काठी हातात घ्यायचा परवाना मिळाला होता, आणि ती कुणावर उगारायची हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मी त्यांना भित्रे म्हणायला तयार नाही, आत्या. भित्र्यांची मला कीव येते.

मग भागवतची टोळी आली. ही काही परकी माणसं नव्हती. खालच्या आळीत त्यांची घरं. दिवाळी झाली की कोल्हापूरकडं ऊस तोडायला जाणारी, पाडव्याच्या सुमाराला परतणारी. त्या वर्षी अर्धी वाट ट्रॅक्टरवर आणि अर्धी पायी तुडवत आली. भागवतची बायको सुनीता फडावरच्या पाचटाच्या कोपीतच बाळंत झालेली. अंगावरचं लेकरू, आणि चालून चालून तळपायांना फोड. त्यांना शिवेवरच्या कडुलिंबाखाली थांबवलं. म्हणे पंधरवडाभर तिथंच राहा.

वेगळं ठेवायला माझी काहीच हरकत नव्हती. तेच शहाणपणाचं होतं. पण शाळा रिकामी होती. वर्ग होते, नळ होता, डोक्यावर पत्रे होते. मी स्वतः जाऊन सरपंचाला म्हटलं, यांना शाळेत ठेवा, जेवण बाहेर ठेवत जाऊ. तो म्हणाला, "बाई, शाळंला आत्ताच रंग दिलाय." मी अजून कधीकधी वर्गात शिकवताना भिंतीकडं बघते आणि ते वाक्य आठवतं.

तू पहिल्या दिवशीच भाकरी नेल्यास. तुझं शेत शिवेला लागून, शेतात निघालेल्या बाईला कोण अडवणार. पण टोळीला पुरतील एवढ्या भाकरी दोन बायांच्या चुलीवर होणाऱ्या नव्हत्या, आणि गिरणीवाल्यानं विचारलं की दोघींना एवढं पीठ लागतं कशाला. त्यानं नुसतं विचारलं नाही, सरपंचाला सांगितलंही. मग ते रस्त्यातलं अडवणं झालं. त्या दिवसापासून तुझ्या टोपलीत डोकावून बघायला पारावरचं एकेक पोर उठायचं, आणि गिरणीत आपली ज्वारी सगळ्यांच्या शेवटी दळली जायची किंवा जायचीच नाही.

याच सुमाराला अण्णांना मरीआईचा गाडा आठवला. पटकीच्या काळात गावं करायची म्हणे. सुतारानं लहानसा लाकडी गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, हिरव्या बांगड्या, खण, लिंबाचा पाला, दहीभात ठेवायचा, आणि वाजतगाजत ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलून यायचं. येताना मागं वळून बघायचं नाही. बघितलं की देवी पाठोपाठ परत येते. म्हणजे आपला रोग शेजाऱ्याच्या दारात लोटायचा आणि पाठ फिरवायची. आपल्या गावाला ही चाल अगदी मापात शिवल्यासारखी बसली. गाडा केला, रंगवला, आणि थाळ्यांच्या दिवसापेक्षा मोठी गर्दी करून शिवेवर नेला.

तिथं मात्र पंचाईत झाली. शेजारच्या गावानंही आपल्या हद्दीवर काट्या टाकलेल्या, त्यांचीही पोरं काठ्या घेऊन उभी. गाडा पुढं जाईना. मागं आणायचा तर अण्णांच्या मते गाव बुडालंच समजायचं. शेवटी देवीला लिंबाखाली ठेवली आणि भागवतच्या टोळीला तिथून उठवून नाल्याच्या काठाला सरकवलं, उन्हात. रोगाची देवी आणि गावची माणसं, दोघांनाही एकाच जागी गावाबाहेर काढून ठेवलं. त्यातल्या देवीला सावली दिली. मग अण्णांनी सांगितलं की जोवर ती आपल्या शिवेवर आहे तोवर रोज नैवेद्य दाखवावा लागेल, नाहीतर भुकेली देवी गावाकडं फिरेल.

तो देखावा मी बघितला आहे, आत्या, आणि मरेपर्यंत विसरणार नाही. बाया नटून ताटं घेऊन यायच्या. नाल्याकाठी लेकरं बसलेली असायची, त्यांच्या डोळ्यांसमोरून. वरण-भात, पोळी, वर तुपाची धार. ताट गाड्यापुढं ठेवायच्या, हात जोडायच्या आणि मान ताठ ठेवून परत. मागं वळून बघायचं नाही हा नियम तेवढ्यासाठी फार सोयीचा होता. हाकेच्या अंतरावर सुनीताचं दूध आटत चाललं होतं आणि लेकरू कोरड्या छातीला तोंड लावून चिरकत होतं.

पहिल्या दिवशी तो नैवेद्य कुत्र्यांनी खाल्ला. ते बघून तू घरी आलीस आणि चुलीपाशी बसून राहिलीस. मग म्हणालीस, "नंदे, देवीच्या वाटचं कुत्र्यानं खाल्लं तर चालायलंय. मंग माणसानं खाल्लं तर काय व्हईल?" मी म्हटलं, काही होणार नाही. "ते मला बी मालूम हाय," तू म्हणालीस, "तू काय मनतीस ते बगितलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, राखणीची पोरं पारावर आडवी झाली असताना, आपण दोघी बांधावरून गेलो. तू ताटं उचलून नाल्याकाठी नेलीस. टोळीतली म्हातारी माणसं घाबरली, देवीचं कसं खावं म्हणाली. तू पहिला घास त्यांच्यासमोर स्वतः खाल्लास, पाणी प्यालीस, आणि थोडा वेळ तशीच बसून राहिलीस, म्हणजे तुला काही झालं नाही हे त्यांना दिसावं. मग सुनीताला वाढलंस. खाऊन झाल्यावर सुनीतानं तुझ्या विहिरीच्या हौदावर ताटं राखेनं घासली आणि घरी करतो तशी पालथी घातली. मी ती तशीच नेऊन गाड्यापुढं ठेवली. कुणाच्याही मनात कसलीही हुशारी नव्हती. उष्टं ताट देवीपुढं ठेवायचं नाही एवढंच.

सकाळी बाया आल्या आणि नैवेद्य तिथंच टाकून पळत सुटल्या. दुपारपर्यंत अख्खं गाव गाड्याजवळ लोटलं. देवी जेवली आणि ताट धुऊन पालथं घालून गेली. अण्णांनी अर्थ लावला की पाहुणी ताट धूत नाही, घरची बाई धुते, म्हणजे देवीनं हे गाव आपलं घर मानलं. लोकांनी जमिनीला डोकी टेकवली. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारं एक पोरगं लॉकडाऊनमुळं घरी आलं होतं, त्यानं पालथ्या ताटाचा व्हिडिओ काढला आणि तो सगळ्या तालुक्यात फिरला. आत्या, त्या गर्दीत पदवी घेतलेले होते, शिक्षक होते, जन्मभर बायकोनं धुतलेल्या ताटात जेवलेले पुरुष होते. एकाच्याही डोक्यात आलं नाही की ताट माणूस धुतो. समोर नाल्याकाठी माणसं बसली होती आणि कुणाला ती दिसली नाहीत.

त्यानंतर नैवेद्याला पूर आला. कटाची आमटी, पुरणपोळ्या, भजी, कुरडया. टोळीतली लेकरं दोन-चार दिवसांत टवटवीत दिसायला लागली. पण ओल्या बाळंतिणीला पुरणपोळीचा काय उपयोग. शुक्रवारी सगळ्या बाया गाड्याभोवती जमल्या असताना तुझ्या अंगात आलं. तुझ्या. जन्मभर अंगात येणाऱ्या बायांना लिंबू-सरबत पाजून घरी पाठवणाऱ्या माझ्या आत्याच्या. केस सोडलेस, घुमायला लागलीस, आणि देवी बोलली की मला बाजरीची भाकर पायजे, शेपूची भाजी पायजे, डिंकाचे लाडू पायजेत, तांब्याभर गरम दूध पायजे, आन ऊन लागायलंय, लांबरुंद सावली करा. अण्णा लांबून हात जोडून म्हणाले, आई, डिंकाचे लाडू तर बाळंतीण खाते. तू त्यांच्याकडं असं बघितलंस की ते मागं सरले.

"आई मनतूस," देवी म्हणाली, "आन बाळंतीण कशी मनून इचारतूस?"

दुसऱ्या दिवशी शेडनेट ताणलं गेलं, लिंबापासून नाल्यापर्यंत. लाडवांचे डबे आले. दूध आलं. मी बायांच्या मागं उभी राहून आधी हसू दाबलं आणि मग मला रडू आलं, कारण घुमताना तुझ्या पायातला काटा मला दिसत होता आणि तू थांबत नव्हतीस. हे मी तुला कधी सांगितलं नाही. घरी आल्यावर काटा काढून देताना सांगायला हवं होतं की तुझ्याएवढं धाडस मी कुठं बघितलं नाही. त्याऐवजी मी भांडले.

मी म्हटलं, गाव पायाशी लोळत होतं. लाडू मागितलेस, दूध मागितलंस. माझ्या लेकरांना गावात घ्या, असं एकदा का नाही म्हणालीस? देवीच्या तोंडून आलं असतं तर कुणाची हिंमत होती नाही म्हणायची?

तू पाय हळदीनं चोळत होतीस. "देवीला जेवायला घालतेत, नंदे," तू म्हणालीस. "देवीचं ऐकत न्हाईत."

मला ते तेव्हा पटलं नाही. एकदा मागून तर बघायचं होतंस, मी म्हटलं. तू विचारलंस, आणि नाही म्हणाले तर? ही देवी नव्हं, ही गया हाय म्हणाले तर? मग उद्याचं ताटही गेलं. तुझ्यापुढं उद्याचं ताट होतं आणि माझ्यापुढं न्याय होता. आपण दोघी नंतर इतक्या वेळा हे भांडलो की शेवटी तू माझं वाक्य आणि मी तुझं म्हणायला लागले होते.

पुढं सरकारी गाडी आली, डॉक्टर आले, टोळीला तपासलं, कुणालाही काही नव्हतं. गावात घेतलं. काट्या उचलल्या, आणि थोड्याच दिवसांत काट्या टाकणाऱ्यांचाच सत्कार झाला. शाल, श्रीफळ, कोरोना योद्धा म्हणून प्रशस्तिपत्र. पत्ते खेळणाऱ्या पोरांनी ती प्रशस्तिपत्रं भिंतींवर लावली, काहींच्या घरी अजून आहेत. रोग खराच आला तो पुढच्या वर्षी, सरपंचाच्या घरच्या लग्नातून, आणि त्यात अण्णा गेले. तू अण्णांसाठी रडलीस. मला तुझा राग आला होता, अजूनही थोडा आहे. देवीवर मात्र कुणी रागावलं नाही. पहिल्या वर्षी तिनं वाचवलं आणि दुसऱ्या वर्षी काही चुकलं असेल, असा हिशेब लावून गावानं लिंबाखाली देऊळ बांधलं. फरशी बसवली, वर झेंडा. मंगळवार-शुक्रवार नैवेद्य ठरला. ठेवायचा, हात जोडायचे आणि मागं वळून बघायचं नाही.

आणि तू देवीचं काम पुढं चालू ठेवलंस. नाल्यापलीकडं वीटभट्टी सुरू झाली होती. तिथं कुठून कुठून आलेली कुटुंबं, चिखलात खेळणारी लेकरं. दुपारची तू बांधावरून जायचीस, ताटं उचलायचीस, भट्टीवर नेऊन वाढायचीस, हौदावर धुवायचीस आणि देवळात पालथी घालायचीस. मी सुट्टीला आले की बरोबर यायचे आणि वाटेत बडबडायचे. एक दिवस मी माईक घेऊन सगळं सांगून टाकीन, मी म्हणायचे. ही कसली देवी, कुणाचं खाल्लं, कुणी धुतलं. या लोकांना आरसा दाखवायला पाहिजे.

तू म्हणायचीस, "सांग की. मंग शुक्रवारची पुरणपोळी भट्टीवरच्या लेकरांला तू करून घाल."

मग मी जास्तच चिडायचे.

गेल्या दिवाळीनंतर तू अंथरूण धरलंस आणि मी तुला परभणीला माझ्याकडं आणलं. सुनीता तेव्हा टोळीबरोबर फडावर गेलेली. देवळातली ताटं तशीच पडून राहायला लागली. मुंग्या लागल्या, कुत्री आली, आंबलेल्या भाताचा वास सुटला. एक दिवस सरपंचाचा फोन आला. मला वाटलं, तुझी चौकशी करायला केला असेल, आणि क्षणभर मला तो माणूस बरा वाटला. तर तो म्हणाला, बाई, देवी निवद घीना झालीय, आत्यांना तिच्यातलं कळतं, जरा विचारून सांगा, काय चुकलं. तुला काय झालंय हे त्यानं विचारलं नाही. मी फोन तसाच धरून तुला सांगितलं. तू डोळे उघडलेस.

"मनावं," तू हसून म्हणालीस, "देवीला सलाईन लावलंय."

त्यानंतर तू नीट अशी हसलीच नाहीस, म्हणून ते हसू मी जपून ठेवलं आहे. मी सरपंचाला सांगितलं की आत्याला बोलवत नाही. तेही खोटं नव्हतं.

तर कालची शोकसभा. भाषणं झाली, हार झाले, आणि मग सरपंचानं खरा विषय काढला. देवी कित्येक महिने नैवेद्य घेत नाही, गावाला हे बरं नाही, तेव्हा नैवेद्य बंद करून देवळाला लोखंडी दार आणि कुलूप बसवावं, मूर्ती नवी आणावी, असं पंचांचं म्हणणं पडलं आहे. मग तो म्हणाला, आता भाचीबाई दोन शब्द बोलतील, आणि माईक माझ्या हातात दिला.

आत्या, इतकी वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच होता. माईक, भोंगा, सगळं गाव समोर, तुझा वैतागलेला फोटो शेजारी. वाक्यं माझी तयार होती, तुला ती पाठ आहेत. तुमच्या देवीचं नाव सुनीता. तुमच्या देवीला तुम्ही उन्हात बसवलं होतं. ज्या ताटाला डोकी टेकवली ते एका भुकेल्या बाळंतिणीनं घासलं होतं. सतरंजीच्या शेवटी, चपलांच्या जवळ, सुनीता बसली होती. टोळी काल सकाळीच परतली होती. मांडीवर तिची पोरगी, आता पहिलीत जाणारी, डिंकाच्या लाडवांवर वाढलेली. सुनीता माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ना विनवणी, ना धाक. ती फक्त मी काय करते ते बघत होती, जशी त्या दिवसांत तुझ्याकडं बघायची.

मला शुक्रवार आठवला. उद्या शुक्रवार होता.

मी म्हटलं, "देवी रुसलेली नाही. आत्या आजारी होती तोवर तिच्या उशाशी बसून होती. आता ती मोकळी झाली. दार-कुलूप लावू नका. उद्यापासून ताटं ठेवा, आणि परत येताना मागं वळून बघू नका."

माईक शिट्टी मारून गप्प झाला. बाया रडायला लागल्या. सरपंच उठून माझ्या पाया पडायला आला आणि मी पाय मागं घेतले. इतकं धडधडीत खोटं मी जन्मात बोलले नव्हते. रात्रभर मला स्वतःचीच चीड आली, तुझी तर जास्तच आली, कारण तू माझ्याकडून भांडण जिंकून घेतलंस आणि तेही तोंड न उघडता.

आज दुपारी मी भाजीचा डबा घेऊन बांधावरून निघाले. ऊन तेच. आंबे मोहरून गेलेले, लिंबाला नवी पालवी. वाटभर मनात म्हणत होते की शिकलेली, नोकरीतली बाई मी, आणि निघाले आहे देवीचा नैवेद्य चोरायला. देवळाजवळ पोचले तर ताटं जागेवर नव्हती. हौदाकडून भांडी घासल्याचा आवाज आला. सुनीता होती. शेजारी फडक्यात बांधलेल्या पोळ्या, भट्टीवर न्यायच्या. तिची पोरगी धुतलेलं एकेक ताट दोन्ही हातांनी धरून देवळात नेत होती आणि पायरीवर पालथं घालत होती.

मला बघून सुनीता दचकली नाही. म्हणाली, "आत्याबाईनं कवाच सांगून ठेवलं होतं. मी गावात असले की मी. फडावर गेले की तुमी."

मला तू यातलं काही सांगितलं नव्हतंस. माझ्या वाटची पाळी माझ्या माघारी लावून मोकळी झालीस. मी म्हटलं, बरं. डबा तिला दिला, भाजी कमी पडेल म्हणून, आणि परत फिरले. मागं वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

गावाच्या तोंडाशी सरपंच उभा होता, जिथं तेव्हा काट्या टाकल्या होत्या त्याच जागी. विचारलं, "बाई, घेतला का वो निवद देवीनं?"

"घेतला," मी म्हटलं. "ताट पालथं हाय."

त्यानं तिथूनच शिवेकडं तोंड करून हात जोडले. चार पावलं पुढं जाऊन बघायची हिंमत त्याला आजही झाली नाही, आत्या, आणि पहिल्यांदाच मला ते बरं वाटलं.